देशोदेशींचे शालेय शिक्षण : साक्री तालुक्याच्या मापाने

देशोदेशींच्या शालेय शिक्षणाची तुलना दोन वाटांनी होते. एक वाट गुणांची. वेगवेगळ्या देशांतल्या एकाच वयाच्या मुलांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची आणि सरासरी गुणांवरून देशांची उतरंड लावायची. दुसरी वाट अडचणींची. लहान वस्तीत शाळा कशी चालवायची, आडगावी शिक्षक कसा टिकवायचा, घरची बोली आणि पुस्तकाची भाषा वेगळी असेल तर काय करायचे, हे प्रश्न बहुतेक देशांना कधी ना कधी पडले आहेत. त्यांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहणे ही ती वाट. पहिली वाट वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना सोयीची पडते, पण शिकण्यासारखे बरेचसे दुसऱ्या वाटेवर सापडते. सरासरीत राजधानीतली शाळा आणि डोंगरातली शाळा एक होऊन जातात, आणि देशांमधला खरा फरक बहुधा त्या डोंगरातल्या शाळेतच असतो.

अडचणींच्या वाटेने जाताना मोजपट्टी म्हणून धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका घेता येतो. तालुक्याचे गाव कान नदीकाठी, सुरत–नागपूर महामार्गावर आहे. निजामपूर–जैताण्याकडचा माळमाथा कोरडवाहू, आणि तिथे घरोघरी अहिराणी. पिंपळनेरच्या पलीकडे गुजरातच्या सीमेपर्यंत जाणारा पश्चिम पट्टा डोंगराळ आहे. तिथल्या विखुरलेल्या पाड्यांवर भिल्ल, कोकणा आणि मावची समाज राहतो. (कोकणा समाजाच्या बोलीला कोकणीही म्हणतात. गोव्याच्या कोकणीशी तिची गल्लत करू नये.) दिवाळी सरली की या पट्ट्यातली कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे निघतात. लहान वस्ती, न टिकणारा शिक्षक, वेगळी बोली आणि हंगामी स्थलांतर अशा चारही अडचणी एका तालुक्यात सापडतात. त्यामुळे एखाद्या देशाची पद्धत इथे कुठवर चालेल, हे विचारणे सोपे जाते.

परदेशी शाळा पाहून आपल्या सुधारायच्या, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या मार्क-आंत्वान ज्युलियाँ यांनी १८१७ मध्येच युरोपातल्या शिक्षणाची माहिती एका ठरावीक प्रश्नावलीने गोळा करण्याची योजना मांडली होती. प्रशियाने १७६३ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्या शाळा पाहायला अमेरिकेतून होरेस मान १८४३ मध्ये गेले आणि परतल्यावर त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये त्याबद्दल अहवाल दिला. जपानने १८७१ मध्ये मंत्र्यांसह एक मोठे शिष्टमंडळ अमेरिका-युरोपला धाडले आणि ते परतण्याआधीच, १८७२ मध्ये, देशभरासाठी शिक्षणाचा कायदा केला.

साक्री ज्या खानदेशात येते, त्याच्या अगदी शेजारीही असे एक उदाहरण घडले. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ गायकवाड हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे सयाजीराव म्हणून त्यांनी युरोप-अमेरिकेचे अनेक दौरे केले. तिथल्या शाळा आणि ग्रंथालये त्यांनी पाहिली. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये त्यांनी ते संस्थानभर लागू केले. बडोद्याचा सोनगड भाग खानदेशच्या पश्चिम सीमेला लागून होता. म्हणजे सीमेपलीकडे मुलाला शाळेत घातले नाही तर पालकाला दंड, आणि अलीकडे ब्रिटिश मुलखात शाळाच विरळ. त्याच १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पण शाळांच्या बाबतीत त्याने काही बदलले नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडताना बडोद्याचा दाखला दिला होता. विधेयक फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्ती आणली, आणि मुंबई प्रांतात १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना तशी मुभा मिळाली. देशपातळीवर मुलांचा शिक्षण हक्क मात्र १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सक्तीचे उसने घेणे किती लांबू शकते, याची ही मोजदाद आहे.

गुणांच्या तुलनेला आंतरराष्ट्रीय रूप आले ते १९६० च्या दशकात. आज सर्वांत गाजते ती ओईसीडी या संघटनेची 'पिसा' चाचणी. ती २००० पासून पंधरा वर्षांच्या मुलांसाठी घेतली जाते. पहिल्या काही फेऱ्यांत फिनलंड अव्वल ठरले आणि जगभरातले शिक्षणमंत्री हेलसिंकीची तिकिटे काढू लागले. २००३ मध्ये गणितात ५४४ गुण मिळवणारे फिनलंड २०२२ मध्ये ४८४ वर आले. त्या वेळी पहिल्या आलेल्या सिंगापूरचे गुण ५७५ होते, आणि सिंगापूरची पद्धत फिनलंडच्या जवळपास उलट. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि देशपातळीवरची मोठी परीक्षा शालेय शिक्षणाच्या अखेरीस एकदाच होते, तर सिंगापुरात सहावीच्या शेवटीच सार्वत्रिक परीक्षा असते. एकाच उतरंडीच्या टोकावर कधी हा, कधी तो देश बसत असेल, तर त्या टोकावरून कोणती पद्धत चांगली ते कळत नाही.

व्हिएतनामचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१२ मध्ये गणितात ५११ गुण मिळवून त्याने अमेरिकेला मागे टाकले. पण ही चाचणी फक्त शाळेत असलेल्या मुलांची. व्हिएतनाममधल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी त्या वेळी निम्म्याहून थोडी अधिकच मुले चाचणीच्या कक्षेत होती. ऊसतोडीला गेलेले मूल अशा सरासरीत धरलेच जात नाही. भारताच्या वतीने तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये २००९ च्या फेरीच्या विस्तारात उतरली. निकाल आला तेव्हा सुमारे चौऱ्याहत्तर सहभागींत ती तळाशी, किर्गिझस्तानच्या सोबतीला होती. त्यानंतर भारताने या चाचणीकडे पाठ फिरवली. २०२१ साठी पुन्हा नाव दिले होते, पण ती फेरी पुढे ढकलली गेली आणि २०२२ मध्ये ती झाली तेव्हा भारत त्यात नव्हता.

या बाबतीत भारताने जगाला दिलेली मोजणी अधिक साधी आणि अधिक प्रामाणिक आहे. 'प्रथम' संस्थेचे 'असर' सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन होते. मूल शाळेत जाते की नाही, कुठल्या शाळेत, याने फरक पडत नाही. अंगणात बसून त्याला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. पाचवीतल्या मुलांपैकी तो वाचू शकणारी देशभरात २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, २०२२ मध्ये ४२.८ आणि २०२४ मध्ये ४८.८. पाकिस्तान, केनिया, टांझानिया, युगांडा, माली, मेक्सिको अशा देशांनी हीच रीत उचलली. श्रीमंत देशांना तिची गरज भासली नाही, म्हणून तिचा गाजावाजाही झाला नाही.

आता पहिली अडचण, लहान शाळेची. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी. डोंगरपट्ट्यात याचा अर्थ द्विशिक्षकी शाळा. चार-पाच इयत्ता, दोन खोल्या, दोन गुरुजी. त्यांतला एक केंद्राच्या बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेला एकटाच. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ असते, डावीकडे दुसरीची बेरीज, उजवीकडे चौथीचा भागाकार. पहिलीची पोरे दाराशी पाटीवर गिरवत बसलेली आणि एक कान शिजणाऱ्या खिचडीकडे. पाठ्यपुस्तके मात्र एका वर्गाला एक शिक्षक आहे असे धरून लिहिलेली असतात.

कोलंबियाने नेमका हाच पेच सोडवला. १९७० च्या दशकाच्या मध्यात व्हिकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस्कुएला नुएवा' म्हणजे नवी शाळा ही पद्धत डोंगराळ खेड्यांसाठी बसवली. तिचा गाभा म्हणजे मुलाला स्वतः पुढे नेणाऱ्या कृतिपुस्तिका. मूल आपल्या गतीने पायरी चढते आणि चार-पाच जणांच्या गटात काम करते. स्थलांतरामुळे दोन महिने चुकले तर जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू करते, नापास होत नाही. १९८० च्या दशकात ते राष्ट्रीय धोरण झाले. १९९० च्या दशकाअखेर युनेस्कोने लॅटिन अमेरिकेत केलेल्या तुलनेत, महानगरे सोडली तर, ग्रामीण मुले शहरी मुलांच्या पुढे असलेला देश कोलंबिया हा एकच निघाला. भारतात आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी याच विचाराची शिडी स्वतंत्रपणे बांधली आणि ती तमिळनाडूच्या सरकारी शाळांत पोचली. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कुमठे बीटपासून ज्ञानरचनावादाची जी लाट आली, तिने फरशीवर आखणी केली, तरंगवाचन आणले, गट पाडले. पण बहुवर्ग शाळेसाठी वेगळे पाठ्यपुस्तक काही तिने आणले नाही.

चीनने उलट रस्ता धरला. २००१ पासून तिथे लहान खेड्यांतल्या शाळा बंद करून मोठ्या शाळांत विलीन करण्याचा सपाटा सुरू झाला. मुलांची पायपीट वाढली, लहान वयात वसतिगृहात राहावे लागले, गळती वाढल्याच्या तक्रारी आल्या. अखेर २०१२ मध्ये सरकारनेच त्याला लगाम घातला. मुले कमी होत गेल्याने फिनलंड आणि जपाननेही खेड्यांतल्या शाळा मोठ्या संख्येने बंद केल्या आहेत, पण तिथे दूरच्या मुलाला शाळेत नेण्या-आणण्याची जबाबदारी स्थानिक शासन उचलते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा विचार पुढे आला, आणि नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पानशेतसोबत नंदुरबारच्या तोरणमाळचे नाव घेतले गेले. चीनचा अनुभव समोर असताना या प्रस्तावातला कळीचा प्रश्न इमारतीचा राहत नाही. पावसाळ्यात ओढा भरला की सात वर्षांचे पोर पलीकडे जाणार कसे, हा आहे.

शिक्षकाचा प्रश्न याच्याशी बांधलेला आहे. फिनलंडचे नाव निघाले की सगळे तिथल्या शिक्षकांच्या पदव्युत्तर पदवीबद्दल बोलतात. ती अट १९७० च्या दशकाअखेर आली आणि अर्जदारांपैकी फार थोड्यांनाच प्रवेश मिळतो, हे खरे. पण साक्रीला उपयोगाचे उत्तर जपानकडे आहे. जपानने १९५४ मध्ये दुर्गम भागातल्या शिक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. बेटांवरच्या आणि डोंगरातल्या शाळांची दुर्गमतेनुसार प्रतवारी लावली, प्रतीप्रमाणे भत्ता ठरवला आणि शिक्षकाच्या निवासाची सोय करण्याची जबाबदारी स्थानिक शासनावर टाकली. शिवाय शिक्षकाची नेमणूक प्रांताकडून होते आणि बदल्या ठरलेल्या चक्राने फिरतात, त्यामुळे दुर्गम शाळा ही शिक्षा मानली जात नाही.

महाराष्ट्रात यातला निम्मा भाग आहे. आदिवासी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना २००२ च्या निर्णयाने एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळते. २०१७ च्या बदली धोरणाने गावांची 'सर्वसाधारण' आणि 'अवघड' क्षेत्रांत विभागणी केली आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला पसंतीच्या बदलीचा अधिकार दिला. राहिले ते घर. पाड्यावर शिक्षकाला राहायला खोली नसते, तरी मुख्यालयी राहण्याची अट असते. मग घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडला जातो आणि मोटारसायकलवरचे अप-डाऊन चालू राहते. त्या ठरावाचा खरेखोटेपणा दरवर्षी चर्चेत येतो. जपानी कायद्याने हा वाद घर बांधून मिटवला.

मेक्सिकोने तिसराच मार्ग काढला. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'कोनाफे' या सरकारी परिषदेने जेमतेम शाळा संपवलेल्या तरुणांना दूरच्या वस्त्यांवर पाठवले. वस्तीने त्यांना जेवूखाऊ घालायचे, आणि त्यांनी वर्ष-दोन वर्षे शिकवल्यावर सरकारने त्यांच्या पुढच्या शिक्षणासाठी विद्यावेतन द्यायचे. महाराष्ट्राच्या वस्तीशाळा योजनेचा आराखडा याच्या जवळ जातो. २००० च्या सुमारास गावातलाच शिकलेला मुलगा-मुलगी निमशिक्षक म्हणून तुटपुंज्या मानधनावर नेमले गेले. फरक असा की मेक्सिकोत ती तरुणपणाची एक पायरी होती, इथे ती नोकरीची आशा झाली. निमशिक्षकांना नियमित होईपर्यंत दशकाहून अधिक काळ आंदोलने करावी लागली.

भाषेच्या प्रश्नावर साक्री तालुका जगातल्या अनेक देशांइतका गुंतागुंतीचा आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी, म्हणजे प्रामुख्याने अहिराणी, मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते, आणि भिली गटातल्या बोली बोलणारे देशभरात एक कोटीहून अधिक. दोहोंपैकी एकही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. माळमाथ्यावरचे मूल 'माले भूक लागनी' म्हणते आणि पुस्तकातली 'मला भूक लागली' ही ओळ अर्थाने ओळखते. अंतर थोडे आहे, गुरुजीही बहुधा खानदेशातलेच, त्यामुळे ते पहिल्या वर्षी भरून निघते. मात्र त्या वर्षात बोली म्हणजे चूक असे मुलाच्या मनावर ठसले तर ते पुढे बोलतच नाही. पश्चिम पट्ट्यात अंतर मोठे आहे. भिली किंवा मावची घरातले मूल पहिलीत आले की शिकवणाऱ्याची वाक्येच त्याला कळत नाहीत, आणि ही अडचण नोंदीत 'मूल अप्रगत' अशी उतरते.

नॉर्वेत १८९८ च्या सूचनेने सामी या मूलनिवासी समाजाच्या मुलांच्या शाळांतून त्यांच्या भाषेला जवळपास हद्दपार केले गेले. ते निर्बंध १९५९ मध्ये गेले, आणि १९६० च्या दशकाअखेर उत्तरेत सामी माध्यमाचे पहिले वर्ग सुरू झाले. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून माओरी आजी-आजोबांनी स्वतःच बालवाड्या काढल्या, तिथे फक्त माओरी बोलायची. ती मुले मोठी होत गेली तशा माओरी माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि १९८९ मध्ये कायद्याने त्यांना मान्यता दिली. भारतात ओडिशाने २००६ पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. उलट दिशेचेही उदाहरण आहे. फिलिपाइन्सने पहिल्या वर्षांत मातृभाषेतून शिकवणे सक्तीचे केले होते. २०२४ मध्ये तिथल्या संसदेने ती सक्ती काढली, कारण एकेका वर्गात अनेक भाषा, पुस्तके अपुरी आणि शिक्षक तयार नाहीत. पिंपळनेरच्या बाजारपट्ट्यातल्या शाळेत हेच घडेल, कारण एका बाकावर अहिराणी, कोकणा आणि भिली बोलणारी तीन मुले बसू शकतात. एकाच समाजाच्या पाड्यावर मात्र ओडिशाचा मार्ग चालण्यासारखा आहे. शिक्षण हक्क कायदा मातृभाषेला 'शक्य तिथवर' अशी सवलत देतो आणि नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच म्हणते. ते 'शक्य' ठरवण्याचे काम कोणाचे, हे दोन्हीकडे मोकळे सोडले आहे.

ऊसतोडीचा प्रश्न सर्वांत अवघड. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकातच बारडोली परिसरात खानदेशातून येणाऱ्या तोडणी मजुरांवर लिहिले आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता घेतलेली जोडपी पावसाळ्यानंतर निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, म्हणजे मूल पहिले सत्र पुरे करते आणि दुसरे बुडवते. मोठी मुलगी असेल तर ती बहुधा सोबत जाते, कारण फडात धाकट्याला सांभाळायला कोणीतरी हवे. शिवाय मुलाचे गाव महाराष्ट्रात आणि फड गुजरातेत. माध्यम बदलते, पुस्तके बदलतात, शाळेतल्या पटाची नोंदही वेगळ्या राज्यात.

अमेरिकेने शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ मध्ये केंद्र सरकारच्या पैशाने स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, कारण टेक्सासमधून निघालेले कुटुंब हंगामात तीन-चार राज्ये ओलांडते आणि कोणत्याच राज्याला ते मूल आपले वाटत नाही. त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे मुलाची शैक्षणिक आणि आरोग्याची नोंद त्याच्यामागे फिरावी यासाठी उभारलेली राष्ट्रीय व्यवस्था. चीनमध्ये शहरात आलेल्या मजुराच्या मुलाची नोंदणी गावाकडेच राहते. २००१ पासून शहरांनी अशा मुलांना सरकारी शाळेत घ्यावे असे धोरण आहे, तरी महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेसाठी अनेकांना मूळ प्रांतात परतावे लागते, आणि कोट्यवधी मुले आजी-आजोबांजवळ गावीच राहिली आहेत. महाराष्ट्राने साखरशाळा (कारखान्याजवळच्या हंगामी शाळा), हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी पत्र (मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दिलेले) असे एकामागून एक उपाय केले. हंगामी वसतिगृहात मूल गावातच आजीकडे राहते आणि जेवणाचा खर्च शासन देते. जिथे ही योजना वेळेवर सुरू होते तिथे तिचा फायदा दिसतो. पण दिवाळीच्या सुट्टीतच कुटुंबे निघतात आणि मंजुरी त्यानंतर आली, तर मूल तोवर फडात पोचलेले असते. हमी पत्राचा उपयोग समोरच्या शाळेने ते मान्य केले तरच. राज्याच्या आतल्या कारखान्यांसाठी ते बरे, राज्याबाहेर ते नुसता कागद ठरते. अमेरिकेचा धडा इथे नेमका लागू पडतो, कारण राज्याची हद्द ओलांडणाऱ्या मुलाची जबाबदारी केंद्राने घेतल्याखेरीज भागत नाही.

निवासी शाळांच्या बाबतीत तुलना जपून करावी लागते. अमेरिकेतली कार्लाइल शाळा (१८७९–१९१८) आणि कॅनडातल्या निवासी शाळा आदिवासी मुलांना घरापासून, भाषेपासून तोडण्यासाठीच काढल्या होत्या. कॅनडाने २००८ ते २०१५ या काळात सत्यशोधन आयोग बसवून ते मान्य केले. बडोद्याने सोनगडला काढलेले वसतिगृह आणि महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा यांचा हेतू तसा नव्हता. पालक मुलांना स्वतः आणून सोडतात, आणि अनेकदा कारण दोन वेळचे जेवण हेच असते. पण हेतू चांगला असला तरी सहा वर्षांचे मूल घराबाहेर, परक्या भाषेत आणि अपुऱ्या देखरेखीत राहते, हे वास्तव सारखेच राहते. आश्रमशाळांतल्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंबाबत डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ मध्ये दिलेल्या अहवालाने आरोग्य तपासणी आणि देखरेखीतल्या उणिवा पुढे आणल्या. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आश्रमशाळा हाच अनेक मुलांचा मुख्य मार्ग असल्याने तो अहवाल इथे लागू होतो.

जेवणाबाबत मतभेद कमी आहेत. फिनलंड १९४८ पासून सर्व मुलांना शाळेत मोफत जेवण देते. जपानमध्ये मुले जेवण स्वतः वाढतात आणि वर्गही स्वतः झाडतात. तमिळनाडूने १९५६ मध्ये सुरुवात केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न देशभर आले. हजेरीवर त्याचा परिणाम अनेक ठिकाणी दिसला आहे.

खासगी शिक्षणाबाबत श्रीमंत देशही गोंधळलेले आहेत. दक्षिण कोरियाने १९८० मध्ये खासगी शिकवण्यांवर बंदी घातली आणि २००० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. चीनने २०२१ मध्ये शालेय विषयांच्या, नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवणी उद्योगावर बंदी आणली. भारताने बंदीऐवजी राखीव जागांचा मार्ग घेतला, म्हणजे खासगी शाळेत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती सूट रद्द केली. साक्री आणि पिंपळनेरच्या आसपासच्या पालकांसाठी हा निकाल महत्त्वाचा ठरला. ज्या पाड्याच्या परिसरात खासगी शाळाच नाही, तिथे या तरतुदीतून काही मिळत नाही. तिथल्या मुलांसाठी जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा किंवा आश्रमशाळा एवढेच दोन पर्याय आहेत.